कृष्णधवल फोटोत गळ्याची हाडं 'कलात्मक' का दिसतात?

मृण्मयी_न
फॅशनच्या फोटोंबद्दल एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. इथे कॅमेरावाले पुष्कळ आहेत म्हणून विचारते.

एखादी मॉडेल रंगीत फोटोत दिसली की आपण पटकन म्हणतो, "अगं बाई, किती वाळलीये, हाडं बघ गळ्याची." तीच मुलगी, तीच हाडं, कृष्णधवल फोटोत दिसली की तोंडातून "वा!" निघतं. केट मॉसचंच घ्या. कॉरिन डेने जून १९९३च्या ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकासाठी तिचे फोटो काढले. रंगीत, साध्याशा फ्लॅटमधले, अंतर्वस्त्रांतले. केवढा गहजब झाला! पोरगी उपाशी दिसते, आजारी दिसते, कोवळी दिसते. त्याच सुमारास कॅल्विन क्लाइनच्या जाहिरातींत हीच मुलगी कृष्णधवल होती, आणि ते फोटो आज लोक फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात.

तर, रंग काढून घेतल्यावर शरीर खरंच वेगळं दिसतं? की 'ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे कला' हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आपण शरीराकडे बघायचंच सोडून देतो? मला दुसरं वाटतं. पण मी बँकेत आहे, स्टुडिओत नाही.

उंटावरचा_शहाणा
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

कोकणकडा
माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स कृष्णधवल आहे. कला कुठे दिसली नाही. पोलिसांना हवा असलेला इसम दिसला.

फोकलपॉइंट
मृण्मयीताई, दोन्ही. पण आधी 'खरंच वेगळं दिसतं' हा भाग बघू, कारण लोक तोच विसरतात.

रंगीत फोटोत त्वचा फार बोलते. नाकाशेजारचा लालसरपणा, डोळ्यांखालची निळसर-तपकिरी छटा, कोपरांचा काळपटपणा, फिके पडलेले ओठ. समोरचा थकलाय, जेवलेला नाही, त्याला बरं नाही, हे आपण बरंचसं या रंगांवरून ओळखतो. रंग काढले की ही खबर बंद. उरतात उजेड, सावली आणि कडा. मग गळ्याचं हाड अशक्तपणाचं लक्षण राहत नाही, चित्रातली एक रेघ होतं.

शिवाय 'रंग काढणे' ही काही एकच सरळ क्रिया नाही. कोणता रंग किती उजळ करड्यात उतरवायचा हे फोटोग्राफर ठरवतो. फिल्मच्या काळात लेन्सवर फिल्टर लावायचे. लाल फिल्टर लावला की त्वचा उजळते, पुटकुळ्या विरतात, ओठसुद्धा फिके पडतात. हिरवट लावला की त्वचा आणि ओठ गडद, चेहरा रापलेला. पुरुषांच्या पोर्ट्रेटना तो वापरायचे. आता हेच काम चॅनलवर होतं, म्हणजे डिजिटल फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांवर. घरी करून बघा. स्वतःचा चांगल्या उजेडातला रंगीत फोटो फोटोशॉपमध्ये किंवा फुकटच्या गिंपमध्ये उघडा आणि नुसता लाल चॅनल बघा. कातडी गुळगुळीत, चार छटा गोरी. आता नुसता निळा बघा. प्रत्येक तीळ, वांग, डोळ्यांखालचं वर्तुळ वर येईल, वय दहा वर्षांनी वाढेल. दोन्ही फोटो कृष्णधवल, दोन्हींत रिटचिंग शून्य.

शरीराचं म्हणाल तर दिवा कुठे आहे ते बघा. समोरून सपाट उजेड असला की बरगड्या गायब. बाजूने एकच दिवा मारला की बरगड्या मोजून घ्या. कृष्णधवलवाल्यांना हा बाजूचा उजेड प्रिय, कारण रंग हाताशी नसताना खोली दाखवायची कशाने? म्हणून त्यांना हाडं, स्नायू, खळगे हवेच असतात. सावली पडायला काहीतरी उंचसखल लागतं. मॉडेल बारीक असण्याचं मोठं कारण सॅम्पल कपड्यांचा साइझ हे आहेच. पण हेही आहे.

सई.
+१. लाल चॅनलचं करून बघितलं. निळ्या चॅनलचं विसरायचा प्रयत्न चालू आहे.

भास्करकाका_मिरज
फोटोशॉपच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. माझ्या थोरल्या मामांचा मिरजेत स्टुडिओ होता, शाळेच्या सुट्टीत मी तिथेच पडीक. मागच्या खोलीत रिटचिंगचं डेस्क असायचं. उतरती काच, खालच्या आरशातून वर येणारा उजेड, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिल धरावी म्हणून मामा निगेटिव्हवर आधी एक चिकटसर द्रव बोटाने चोळायचे. मग कडक शिशाची पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची आणि भिंग लावून बारीक टिंबं देत बसायचं. निगेटिव्हवर जिथे शिसं लागेल तिथे प्रिंट उजळ. देवीचे व्रण, काळी वर्तुळं, गालाचे खड्डे, सगळं भरून निघायचं. दंड जाड असेल तर उलटं काम. पात्याच्या टोकाने कडेचं इमल्शन खरवडायचं, तेवढा भाग प्रिंटमध्ये काळा होऊन मागच्या पडद्यात जिरायचा.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक स्थळांना पाठवायच्या फोटोंचं. काळ्यापांढऱ्या फोटोत वर्ण कळत नाही हे मुलीच्या वडिलांना चांगलं ठाऊक होतं. "जरा उजळ येऊ द्या" एवढं हळूच सांगून जायचे. पण गंमत पुढे आहे. तेव्हा बारीक मुलगी म्हणजे 'तोळामासा प्रकृती', स्थळ परत जायचं. अशा मुलींना मामा फुगीर बाह्यांचा ब्लाउज, दोन्ही खांद्यांवरून पदर आणि समोरून उजेड असं बसवायचे. एवढं करूनही गळ्याची हाडं दिसलीच तर पेन्सिलने बुजवायची. फोकलपॉइंट म्हणतात तो बाजूचा दिवा आमच्याकडे फक्त पैलवानांच्या फोटोंना.

उंटावरचा_शहाणा
काका, आमच्या सासऱ्यांनी तुमच्या मामांकडूनच फोटो काढून घेतला असणार. (बायको इथे येत नाही या भरवशावर लिहितोय.)

चैत्रपालवी
येते. घरी या, बोलू.

कोकणकडा
=)) =)) उंटावरून शेळ्या हाकायला गेला आणि उंटासकट पडला.

चिकित्सक
काका, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

मूळ लेखातल्या उदाहरणाबद्दल मात्र आक्षेप आहे. केट मॉसच्या कृष्णधवल जाहिरातींना सगळ्यांनी 'वा' म्हटलं असं नाही. अमेरिकेत कॅल्विन क्लाइनच्या पोस्टरांवर लोकांनी "मला खायला घाला" असं खरडून ठेवलं होतं. म्हणजे रंग नसतानाही हाडं दिसत होती. मला फरक खोलीचा वाटतो. कॉरिन डेच्या फोटोत भिंतीवर टेपने चिकटवलेली दिव्यांची माळ आहे. कोणाच्याही भाड्याच्या खोलीत असते तशी. जागा ओळखीची, म्हणून मुलगीही ओळखीची वाटते आणि मग जेवली का नाही अशी काळजी वाटते. रिकाम्या पडद्यासमोर उभी केली की ती कोणाचीच कोणी नसते.

आणि 'यांना हाडं हवीच असतात' हेही सरसकट खरं नाही. अर्व्हिंग पेन हा व्होगचा खंदा फोटोग्राफर. १९४९-५०च्या सुमारास त्याने कामाच्या वेळेबाहेर चित्रकारांसमोर बसणाऱ्या मॉडेल्सचे नग्न फोटो काढले. पोटाच्या वळ्या, भरलेल्या मांड्या, चेहरा चौकटीच्या बाहेर. प्रिंट ब्लीच करून पुन्हा डेव्हलप केल्या, त्यामुळे कातडीचे तपशील जवळजवळ उडाले आणि नुसते गोलावे राहिले. एकही हाड नाही आणि फोटो अफाट. पण हे फोटो त्याने १९८०पर्यंत प्रदर्शनात मांडले नाहीत, तीस वर्षं. दिवसा व्होगसाठी सडपातळ बायका, रात्री या. म्हणजे अडचण माध्यमाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती.

फोकलपॉइंट
पेनचा मुद्दा मान्य. पण त्यानेही कातडी उडवलीच ना? जाड शरीर 'कला' व्हायला तेवढी किंमत लागली.

रेवती_ह
मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण हा विषय माझ्या पोटावरचा आहे, अक्षरशः. नव्वदीच्या शेवटी मुंबईत काही वर्षं मॉडेलिंग केलं.

पोर्टफोलिओत तेव्हा दोन्ही प्रकार लागायचे. साडीच्या कॅटलॉगवाल्यांना रंगीत फोटो. त्यांना मी नको असायचे, "ब्लाउज भरत नाही" असं तोंडावर सांगायचे. 'एडिटोरियल' कामाला, म्हणजे मासिकांतल्या फॅशनच्या पानांना, कृष्णधवल. त्याच्या आदल्या दिवशी मीठ कमी, सकाळपासून पाणीही बेताने, म्हणजे चेहरा सुजट दिसत नाही. गळ्याची हाडं 'काढायची' पद्धत अशी: खांदे किंचित पुढे आणि खाली, मान लांब, श्वास पूर्ण सोडायचा आणि तसंच थांबायचं. हाडामागे खळगा पडतो, त्यात सावली बसते. आरशासमोर करून बघा, अगदी खात्यापित्या घरच्या माणसालाही थोडं जमतं. श्वास घेतला की गेलं. म्हणजे तुम्ही जे शरीर बघता ते दोन श्वासांच्या मधलं असतं.

माझा एक कृष्णधवल फोटो बऱ्यापैकी गाजला. लोक म्हणायचे, काय रोखून बघतेस, काय आत्मविश्वास! मी मेकअपवाल्या दादांच्या हातातल्या वडापावकडे बघत होते.

आणि मृण्मयी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर धंद्यातच आहे. एजन्सीला मुलीचं शरीर खरंच बघायचं असतं तेव्हा ते कृष्णधवल फोटो बघतच नाहीत. मेकअप नाही, केस बांधलेले, अंगाबरोबरचे साधे कपडे, पांढरी भिंत, समोरचा उजेड, रंगीत पोलरॉइड: समोरून, बाजूने, पाठमोरी. आता मोबाइलवर काढतात, पद्धत तीच.

सई.
वडापाव! _/\_

केट मॉसने २०२२ मध्ये बीबीसीच्या रेडिओ मुलाखतीत मार्क वॉलबर्गबरोबरच्या कॅल्विन क्लाइन फोटोंबद्दल सांगितलं होतं की तिला तेव्हा भीती वाटत होती, आपल्याला वस्तूसारखं वापरलं जातंय असं वाटत होतं. ते फोटो १९९२चे, हर्ब रिट्सने काढलेले, कृष्णधवल. आज बघितले तर दोघंही बिनधास्त दिसतात.

जुना_बाजार
एवढे प्रतिसाद झाले आणि मधु सप्रे, मिलिंद सोमण आणि अजगर अजून आले नाहीत? मराठी संकेतस्थळ आहे ना हे?

कोकणकडा
अजगराचं आडनाव काय होतं? तोही पुण्याचा?

जुना_बाजार
नवीन मंडळींसाठी: १९९५, टफ शूजची जाहिरात. दोघांच्या अंगावर बूट सोडून काही नाही, भोवती अजगर. कृष्णधवल फोटो, प्रबुद्ध दासगुप्तांनी काढलेला. मुंबईत खटला झाला, अश्लीलतेचा. अजगरावरून वन्यजीव कायदाही लागला. २००९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. चौदा वर्षं.

आमच्या चाळीत तो अंक वाचनालयातून पहिल्याच दिवशी गायब झाला होता आणि अध्यक्षांवर सगळ्यांचा संशय होता.

धोंडोपंत
बूट विकायला कपडे काढावे लागतात ही कुठली कला? कृष्णधवल केलं की अंग झाकलं जातं असं या लोकांना वाटतं. धाग्याचा विषय चांगला होता, वळण लागलं ते नेहमीचंच.

चिकित्सक
पंत, तुमचं एक वाक्य मात्र धाग्याच्या मुद्द्याचंच आहे. तोच फोटो रंगीत असता तर छापायची हिंमत कोणी केली असती का? मला नाही वाटत. रंग नसला की नग्नता एक पाऊल मागे सरकते, पुतळ्याच्या बाजूला.

रेवती_ह
त्या फोटोवर इतकं लिहून आलं, पण मधु सप्रेचं शरीर कसं होतं यावर कोणी बोललं नाही. ती आधी खेळाडू. खांदे रुंद, दंड घट्ट, पाठ कमावलेली. १९९२ला मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली तेव्हाही तिथल्या बाकीच्या मुलींपेक्षा वेगळी दिसायची. आणि सावळी. माझ्यासारख्या सावळ्या, उंच, 'बाप्या' म्हणून चिडवल्या गेलेल्या मुलींना तिच्याकडे बघून हुरूप आला. आम्ही या धंद्यात येण्याचं धाडस केलं ते तिच्यामुळे. कृष्णधवल फोटोत तिच्या खांद्यांवर जो उजेड दिसतो तो रंगीत जाहिरातींत कधी दिसला नाही. तिथे तिला दोन छटा उजळ करायचे.

फोकलपॉइंट
याला तांत्रिक कारणही आहे. कोडॅकच्या रंगीत प्रिंट जुळवायला लॅबमध्ये एक नमुना-फोटो असायचा, 'शर्ली कार्ड' म्हणायचे, आणि त्यावर कितीतरी वर्षं गोरी बाईच होती. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या-काळ्या कातडीचे तपशील त्यात बुडायचे. चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रारी केल्या, तेव्हा कुठे फिल्म सुधारायला लागली. माणसांच्या तक्रारीने नाही! कृष्णधवल फिल्मला ही भानगड नव्हती. एक्स्पोजर नीट द्या, सावळी कातडी सगळ्यात सुंदर येते. चमक आणि सावली दोन्ही धरते.

म्हणून माझं ठाम मत: कृष्णधवलने बारीक शरीरांना फुकटची प्रतिष्ठा दिली हे खरं, पण सावळ्या शरीरांना रंगीत फोटोने नाकारलेली जागाही त्यानेच दिली.

गोंयकार
दासगुप्तांचं नाव निघालं म्हणून. ते आमच्या गोव्यात राहायचे. गोव्यातल्या ख्रिश्चन घरांचे त्यांनी काढलेले फोटो जरूर बघा, तेही कृष्णधवल. जुन्या घराच्या सालात (दिवाणखान्यात) बसलेल्या म्हाताऱ्या बायका, हातावरच्या शिरा, ढिला पडलेला गळा. उजेड तोच, जो ते मॉडेलवर वापरायचे. २०१२ला अलिबागला गेले, वय काही फार नव्हतं.

संपादक
अजगराचा फोटो आणि त्याचे दुवे इथे डकवू नयेत. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

ल्योंकर_केदार
फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७पासून नियम आहे: जाहिरातीत मॉडेलचं शरीर सॉफ्टवेअरने बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर 'रिटच केलेला फोटो' अशी सूचना हवी. नाही लावली तर दंड, ३७,५०० युरो. शिवाय मॉडेलला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. सूचना असते ती कोपऱ्यात, एवढ्या बारीक अक्षरांत की मेट्रोच्या फलाटावर नाक लावून वाचावी लागते. आणि नियम फक्त शरीराच्या आकाराचा. कातडी, केस, रंग काढणं, काहीच त्यात येत नाही.

फोकलपॉइंट
आणि दिवा, लेन्स, कॅमेऱ्याची उंची हेही नाही. कमरेच्या उंचीवरून वाइड लेन्सने काढलं की पाय वितभर लांब. सॉफ्टवेअरला हात लावलेला नाही, सूचना नको.

डॉ_निशिगंधा
इस्रायलने २०१२ला मॉडेलसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) किमान १८.५ असा कायदा केला. बरं आहे, पण फोटो बघणाऱ्याला बीएमआय दिसत नाही, आणि वर रेवतीने सांगितलेली श्वास सोडण्याची युक्ती माहीत असेल तर वीसच्या बीएमआयवरही हाडं काढता येतात. माझ्याकडे येणाऱ्या मुली व्होग वगैरे बघत नाहीत. वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो बघतात. बाकी लिहायला वेळ नाही, ओपीडी आहे.

चिकित्सक
रिटचिंगवरून आठवलं. फोटोग्राफर हॉर्स्टचा १९३९चा तो प्रसिद्ध कॉर्सेटचा (कंबर आवळणाऱ्या नाड्यांच्या अंतर्वस्त्राचा) फोटो. पाठमोरी बाई, नाड्या सुटलेल्या, संगमरवरी कठड्यावर लोंबणाऱ्या. मूळ फोटोत कॉर्सेट एका बाजूला अंगापासून सुटलेला आहे, चक्क फट दिसते. व्होगने छापताना ती फट रिटच करून बुजवली, कंबर घट्ट आवळलेली दिसावी म्हणून. काकांच्या मामांचे पॅरिसमधले व्याही.

याच्या उलट टोकाला पीटर लिंडबर्ग. याचं सगळं आयुष्य कृष्णधवल. जानेवारी १९९०चं ब्रिटिश व्होगचं पाच सुपरमॉडेल्सचं मुखपृष्ठ त्याचंच. २०१७च्या पिरेली कॅलेंडरसाठी (टायर कंपनीचं, एरवी नग्न मॉडेल्ससाठी प्रसिद्ध) त्याने हेलन मिरेन, शार्लट रॅम्पलिंग अशा सत्तरीतल्या अभिनेत्रींनाही कपड्यांत, रिटचिंगशिवाय उभं केलं. तारुण्याच्या आणि निर्दोषपणाच्या दहशतीतून बायकांना सोडवणं हे फोटोग्राफरचं काम आहे असं तो म्हणायचा. मला फोटो आवडतात. पण सुरकुत्या चालतील, हाडांची ठेवण मात्र हेलन मिरेनची हवी, अशी ती सुटका आहे.

चैत्रपालवी
सुरकुत्या पुरुषांना नेहमीच चालत आल्यात. कृष्णधवल फोटोत म्हातारा नट 'अनुभवी' दिसतो. त्याची फॅशनच वेगळी.

उंटावरचा_शहाणा
मी काही बोललो नाही.

मृण्मयी_न
सगळ्यांचे आभार, विशेषतः रेवती आणि काका. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला.

फोकलपॉइंटचा चॅनलचा प्रयोग लेकीला करून दाखवला. ती दहावीत आहे. मला वाटलं, डोळे विस्फारतील. ती म्हणाली, "आई, हे सगळ्यांना माहितेय. पिंपल आले की आम्ही मोनो लावतो. कलेचा काय संबंध?" (मोनो म्हणजे मोबाइलचा कृष्णधवल फिल्टर.) म्हणजे 'कला म्हणून दिपून जातो' हे माझ्या पिढीपुरतंच खरं असावं. तिच्या पिढीला ते कन्सीलरच्या डबीइतकं साधं साधन आहे. मात्र मी विचारलं की मग रंगीत फोटोत वाळलेली वाटणारी मुलगी मोनोत कशी वाटते, तर जरा थांबून म्हणाली, "महाग वाटते."

यावर काय बोलावं सुचलं नाही.

सई.
'महाग' हे भारी आहे.

भास्करकाका_मिरज
रेवतीताई, वडापाववाला फोटो इथे टाकता येईल का? बघायची इच्छा आहे.

रेवती_ह
माझ्याकडे नाही काका. निगेटिव्ह फोटोग्राफरकडे. मध्यंतरी प्रिंट मागितली तर किंमत सांगितली, आणि ती मला परवडणारी नव्हती.

चिकित्सक
आपल्या प्रताधिकार कायद्यात, वेगळा करार नसेल तर, ज्याने पैसे देऊन फोटो काढून घेतला तो पहिला मालक असतो. तेव्हा पैसे कोणी दिले होते?

रेवती_ह
कोणीच नाही. टेस्ट शूट होतं. त्याला मॉडेल फुकट, मला फोटो फुकट, असं ठरलेलं. माझ्या वाट्याला दोन छोट्या प्रिंट आल्या होत्या. एक एजन्सीने ठेवून घेतली, दुसरी घर बदलताना गेली.

चिकित्सक
मग कठीण आहे. यावर वेगळा धागा काढा, वकील मंडळी आहेत इथे दोन-तीन.